चालताना पोटरी भरून येते, पायाची धमनी अरुंद निघाली: आधी चालायचं की थेट स्टेंट? (ठाणे/नवी मुंबई)

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी, बाबांबद्दल विचारायचंय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ६८, बेलापूर रोडच्या एका कंपनीतून रिटायर, शुगर बरीच वर्षं आहे, बीपीची गोळी चालू, आणि सिगरेट "सोडली" म्हणतात पण संध्याकाळच्या चहानंतर खाली चक्कर मारून येतात तेव्हा वास येतोच. वर्षभरापासून असं होतंय की घरून तलावपाळीला निघाले की थोडं चाललं की उजव्या पोटरीत गोळा येतो, आवळल्यासारखं होतं, मग थांबावं लागतं. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की साफ बरं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तेच. आईच्या लक्षात आलं ते असं, की बाबा गडकरीच्या बाहेर नाटकांचे बोर्ड वाचत उभे राहायला लागले, आणि बाबांना नाटकाचं वेड उभ्या जन्मात नव्हतं.

आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. पाठीचा एमआरआय, गादी सरकलीय, कंबरेला पट्टा, शेक, ट्रॅक्शन सगळं झालं, काडीचा फरक नाही. मग आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नवीन बसायला लागलेली तरुण डॉक्टर आहे तिनं मोजे काढायला लावले, पावलावर आणि घोट्याच्या मागे बोटं ठेवून बराच वेळ बसली आणि म्हणाली काका, उजव्या पायाची नाडी लागत नाहीये. मग डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी). उजव्या मांडीतली मोठी धमनी ७० ते ८० टक्के अरुंद, डावी ५० च्या आत. एबीआय (घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं) उजवा ०.६२, डावा ०.८८.

आता खरी गंमत. एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव नको) रिपोर्ट बघून पाच मिनिटांत सांगितलं या आठवड्यात ॲडमिट करा, दोन स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) लागतील, नाहीतर गँगरीन होऊन पाय जाईल, आणि बाहेर काउंटरवर एस्टिमेटचा कागद तयार. पायाला हातसुद्धा लावला नव्हता कोणी. दुसरे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन म्हणाले काही घाई नाही, तीन महिने गोळ्या, सिगरेट पूर्ण बंद, आणि रोज दुखेपर्यंत चाला. दुखेपर्यंत! आई म्हणते दुखणाऱ्या पायावर चालायला सांगणारा डॉक्टर पहिल्यांदाच बघितला. कोणाचं ऐकायचं? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

डॉपलरवाली_वाशी

मी हेच काम करते, टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगते म्हणजे उगाच कोणी मला गोळ्यांचे डोस विचारू नका.

०.६२ कुठून आला ते सांगते. पेशंटला दहा मिनिटं आडवं झोपवायचं (इथेच लोक घाई करतात, जिना चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधून मोकळे), मग दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं वरचं प्रेशर घ्यायचं. घोट्याला स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही, जेली लावून पेनाएवढा डॉपलर धरतो, नाडी सापडली की सूंक-सूंक आवाज येतो, पट्टा फुगवला की बंद, हवा सोडताना पहिला आवाज जिथे परत येतो तो आकडा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं, दोन दंडांपैकी ज्याचं जास्त तो धरायचा. म्हणजे बाबांच्या दंडाचं १५० असेल तर उजव्या घोट्याला ९३ च आलं असणार. १ ते १.४ नॉर्मल, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९ किंवा त्याखाली म्हणजे धमनी अरुंद आहे, ०.४ च्या खाली आलं की आम्ही रिपोर्ट टाईप करायच्या आधी डॉक्टरांना फोन करतो. तेव्हा डावा ०.८८ पण चांगला नाहीये हं, फक्त तो पाय अजून बोलत नाहीये, कारण उजवा आधीच थांबवतोय.

शुगरवाल्यांचा एक घोळ असतो. शुगर जुनी असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कडक होते, पट्टा कितीही फुगवा ती दबतच नाही, आणि एबीआय खोटा चांगला येतो, कधी १.४ च्याही वर. नातेवाईक खूश, प्रेशर मस्त आहे म्हणून! अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून तिथलं प्रेशर बघायचं, ते दंडाच्या ०.७ पट किंवा खाली आलं तर गडबड आहे. बाबांचं अंगठ्याचं केलंय का बघा रिपोर्टमध्ये.

आणि घाई आहे का नाही हे टक्क्यांवरून नाही ठरत. हे सांगा: रात्री झोपेत चवडा किंवा बोटं ठणकतात का, पाय खाटेखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं का? पायावर कुठे न भरणारी जखम, बोट काळं-निळं?

पाचपाखाडीकर

ताई खूप आभार. नाही, रात्री काही नाही, घोरत असतात. जखम नाही. पण तुम्ही लिहिल्यावर आत्ता टॉर्च घेऊन बघितलं तर उजव्या नडगीवरचे केस जवळजवळ गेलेत, अंगठ्याचं नख जाड पिवळं झालंय आणि पाऊल डाव्यापेक्षा गार लागतंय. अंगठ्याचं प्रेशर रिपोर्टमध्ये नाहीये.

नेरूळचे_आजोबा

पाचपाखाडीकर, घाबरू नका. मी ७३, माझेही असेच. माझ्या डॉक्टरांनी मला चालण्याची गोळीच लिहून दिली असे समजा. पद्धत अशी की सपाट जागी निघायचे, दुखायला लागले की लगेच थांबायचे नाही, दुखणे मध्यमच्या वर चढेपर्यंत चालत राहायचे, मग बाकावर बसायचे, पूर्ण गेले की पुन्हा उठायचे. थांबे धरून ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून निदान तीनदा, आणि निदान १२ आठवडे तरी चिकाटी ठेवायची. मी ज्वेलला (आमच्याकडची तळ्याकाठची बाग) जातो, तिथे बाक भरपूर आहेत आणि चढ नाही. सुरुवातीला दोन बाकांच्या मधले अंतर जमत नव्हते, आता तळ्याची मोठी फेरी न थांबता होते, फक्त बायकोबरोबर गप्पा मारत गेलो तर, एकट्याने गेलो की वेग वाढतो आणि पोटरी ओरडते.

डॉक्टरांनी समजावले ते असे, घोडबंदर रोड जाम झाला की रिक्षावाले सर्व्हिस रोडने काढतात ना, तसे रक्त बाजूच्या बारीक नसांनी वाट काढते, चालून चालून त्या रुंद होतात.

फिजिओ_कोलशेत

आजोबा सलाम तुम्हाला, पण सर्व्हिस रोडवाली गोष्ट अर्धीच खरी आहे. बाजूच्या नसा उघडतात थोड्याफार, पण मुख्य फरक पोटरीच्या स्नायूत पडतो, कमी ऑक्सिजनमध्ये भागवायला तो शिकतो, नसांचं आतलं अस्तर सुधारतं, चालण्याची ढबही बदलते. म्हणून गंमत होते की तीन महिन्यांनी माणूस दुप्पट चालतोय आणि एबीआय जवळपास तिथल्या तिथेच! पेशंट नाराज होतात आकडा हलला नाही म्हणून. अरे तुम्ही आकडा घेऊन बाजारात जाणार आहात का पाय घेऊन?

दुसरं, पाठ का पाय हा घोळ रोज बघते. साठीनंतर एमआरआय केला की गादी सरकलेली, मणक्यात जागा कमी, हे बहुतेकांचं निघतंच, त्यामुळे एमआरआयमध्ये काहीतरी सापडलं म्हणजे दुखणं त्याचंच असं नसतं. मणक्याची नस दबली असेल तर नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, म्हणून ते लोक डीमार्टमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर फिरतात आणि घरी येताना शंभर पावलं चालवत नाही. सायकल त्यांना सहसा त्रास देत नाही. धमनीवाला नुसता उभा राहिला की बरा होतो, दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर दुखतं, आणि चढावर, घाईत लवकर दुखतं. तुमच्या बाबांचे नाटकाचे बोर्ड म्हणजे अगदी पुस्तकातली केस आहे. दुखणं कुठे त्यावरून अडथळा कुठे तेही कळतं, पोटरीत असेल तर मांडीतली धमनी, कुल्ल्यात आणि मांडीत असेल तर पोटातून खाली येणारी मोठी फांदी. पुरुषांमध्ये त्या वरच्या अडथळ्याने लैंगिक ताठरताही जाते, ते कोणी सांगत नाही, डॉक्टरनेच विचारायला हवं.

दोन्ही आजार एकत्र असणारेही असतात हं, म्हणून लगेच हाडांच्या डॉक्टरांना शिव्या नकोत. पण पायाच्या नाड्या बघायला पैसे लागत नाहीत, ते व्हायलाच हवं होतं.

घणसोलीची_मावशी

माझे पाय रोज संध्याकाळी जड होतात आणि सुजतात, मी झोपताना पायाखाली दोन उशा घेते, गरम पाण्याच्या पिशवीने शेकते, तिळाच्या तेलाने खालून वर मालिश करते आणि दिवसा ते घट्ट मोजे घालते, खूप आराम पडतो. बाबांना हे करून बघा बाळा, चिरफाड कशाला. सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या पण.

डॉपलरवाली_वाशी

मावशी तुमचं दुखणं वेगळं आहे हो! तुम्हाला अशुद्ध रक्ताच्या शिरांचा त्रास असणार, व्हेरिकोज, त्यात रक्त खाली साचतं म्हणून पाय वर केले की बरं वाटतं. यांच्या बाबांना रक्त खाली पोचतच नाहीये, पाय वर केला की उलट पांढरा पडतो आणि ठणकतो. घट्ट मोजे तर विचारल्याशिवाय अजिबात नको, आधीच प्रेशर कमी त्यात वरून आवळायचं, कातडी मरते. आणि गरम पिशवी, शुगरवाल्याच्या पायाला चटका बसलेला कळतच नाही, सकाळी फोड दिसतो, आणि रक्त कमी असलेल्या पायावरचा फोड भरायला महिने लागतात. लसूण भाजीत घाला, काही हरकत नाही.

घणसोलीची_मावशी

बरं बाई. पिशवीचं मला माहीत नव्हतं.

मार्केट_यार्ड

मी तुर्भ्याचा, घरात सगळे माथाडी. माझ्या काकाची गोष्ट लिहितो कारण इथे सगळे साठीच्या पुढचेच बोलतायत. काका चाळिशीच्या आत होता, शुगर नाही, बीपी नाही, कोलेस्टेरॉल नॉर्मल, पण बिडी दिवसभर आणि मधल्या वेळात तंबाखू-चुना. पायाच्या बोटात आग, मग बोट काळं, हाताची बोटं पण थंडीत पांढरी निळी व्हायची. बर्जर नावाचा आजार निघाला. त्यात धमनीत चरबी बसत नाही, बारीक नसांना सूज येऊन आत गुठळी होते, आणि कारण जवळपास एकच, तंबाखू. लिओ बर्जर नावाच्या डॉक्टरने १९०८ मध्ये त्याच्यावर लिहिलं म्हणून त्याचं नाव पडलं. इतक्या बारीक नसांत स्टेंट वगैरे सहसा जमत नाही. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, बिडी पूर्ण सोडलीस तर पाय राहील, एक जरी ओढलीस तर मला सांगायला येऊ नकोस. एक बोट गेलं, मग सोडली. तंबाखू पण. पाय शाबूत आहे आज.

कमी केली, चहानंतर एकच, असं काही नसतं ह्या आजारात. बाबांना सांगा. तंबाखू सोडवायची सरकारी हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६, पुडीवर पण छापलेला असतो नंबर, फुकट आहे. काका स्वतः बोलला होता, लाजत लाजत.

पाचपाखाडीकर

मार्केट यार्ड दादा, ही पोस्ट बाबांना वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, पण आज खाली गेले नाहीत.

इतिहासाचा_किडा

थोडं अवांतर, पण उपयोगी आहे. लोकांना वाटतं अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाची. तर जगातली पहिली अँजिओप्लास्टी पायाचीच होती. १६ जानेवारी १९६४, अमेरिकेत पोर्टलंडला, चार्ल्स डॉटर नावाचे रेडिओलॉजिस्ट. ८२ वर्षांची बाई, पायाला गँगरीन, सर्जन म्हणत होते पाय कापा आणि बाई म्हणत होती कापू देणार नाही. डॉटरनी मांडीतल्या धमनीच्या अरुंद जागेतून एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवल्या आणि वाट मोकळी केली. पाय वाचला, मरेपर्यंत त्याच पायावर चालली. नळीच्या टोकाला बसवून आत फुगवायचा फुगा नंतर आला, आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये आधी पायातच वापरला आणि १९७७ मध्ये हृदयात.

सांगायचं हे की ही गोष्ट जन्माला आली ती कापायला निघालेला पाय वाचवायला. त्या बाईचा पाय आणि तलावपाळीला चालताना दुखणारा पाय, दोघांना एकच कागद छापून देणं हे मला पटत नाही.

घोडबंदर_त्रस्त

वरचा रिक्षावाला दृष्टांत वाचून जीव जळला, सर्व्हिस रोडपण जामच असतो आमच्याकडे.

असो. आईचं सांगतो, नुसतं चालण्याच्या दुखण्यासाठी स्टेंट टाकला. पहिले काही महिने पळत होती म्हणा ना, आम्ही पेढे वाटले. मग कोणी सांगितलं नाही का आम्ही ऐकलं नाही देव जाणे, गोळ्या हळूहळू सुटल्या, चालणं तर बंदच कारण आता दुखत नाही ना, आणि वर्षाच्या आत तीच जागा पुन्हा बंद. मांडीतली धमनी म्हणजे बसता-उठता वळणारी, पिळणारी नस, तिथला स्टेंट हृदयातल्यासारखा शांत बसून राहत नाही. आता आधीपेक्षा कमी चालते. मी स्टेंटच्या विरोधात नाही, पण तो टाकल्यावर काम संपलं असं जे वाटतं ना ते डोक्यातून काढा.

आणि खर्चाचं, २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमती बांधल्या ते सगळ्यांना आठवतं, ती यादी हृदयाच्या स्टेंटची होती. पायाचं बिल बघताना ते गृहीत धरू नका, स्टेंट कुठला, फुगा औषधवाला का साधा, किती, हे लेखी मागा. महात्मा फुले योजनेत बसतंय का ते ॲडमिट होण्याआधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

निवांत_डॉक्टर

मी फिजिशियन, ठाण्यातच, प्रॅक्टिस आता कमी केलीय म्हणून असे धागे वाचायला वेळ असतो. ऑनलाईन सल्ला देत नाही, पण दोन-चार गोष्टी स्पष्ट लिहितो.

नुसतं चालताना दुखणाऱ्या माणसाला "नाहीतर पाय जाईल" म्हणून घाईने स्टेंट टाकणं चुकीचं आहे. अमेरिकन हृदयतज्ज्ञ संघटनांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे सरळ लिहिलंय, की पुढे गँगरीन होऊ नये एवढ्याच कारणासाठी अशा पेशंटची अँजिओप्लास्टी किंवा बायपास करू नये. औषधं आणि व्यायाम नीट करूनही रोजचं जगणं अडत असेल तर मग जरूर विचार करावा. चालताना दुखणाऱ्या पेशंटांपैकी बहुतेकांचं, साधारण चारातल्या तिघांचं, पाच वर्षांत पायाचं दुखणं तेवढंच राहतं. पाय गमवायची वेळ फार थोड्यांवर येते. शुगर आणि सिगरेट दोन्ही असतील तर मात्र धोका वाढतो, आणि बाबांना दोन्ही आहेत, म्हणून निवांत राहा असंही मी म्हणणार नाही.

खरी भीती पायाची नाहीच. पायाची धमनी अरुंद आहे याचा अर्थ हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही तेच चाललंय असं धरून चालायचं. हे पेशंट पाय जाऊन नाही, हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसने जातात. म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्त पातळ ठेवणारी एक गोळी, क्लोपिडोग्रेल ७५ किंवा ॲस्पिरिन, या पायदुखीच्या गोळ्या नाहीत, जीव वाचवायच्या आहेत, दुखणं थांबलं तरी चालू राहतात. वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल ७० च्या खाली हवं, युरोपवाले तर ५५ च्या खाली म्हणतात. लॅबच्या कागदावर १०० पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं ते या पेशंटसाठी नाही. काही जणांना ॲस्पिरिनबरोबर रिव्हारोक्साबॅनचा छोटा डोस, २.५ मिलिग्रॅम दोनदा, देतात. रक्तस्रावाचा धोका बघून डॉक्टरच ठरवतील.

चालणं वाढवणारी गोळी सिलोस्टाझोल. रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास. डोकेदुखी, धडधड, पातळ जुलाब सुरुवातीला होऊ शकतात, आणि फरक दिसायला काही आठवडे लागतात. हार्ट फेल्युअर असलेल्याला ती अजिबात द्यायची नाही, म्हणून आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल तर उत्तम. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, ॲसिडिटीची ओमेप्राझोल. आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी ती चहासारखी घेतात आणि डॉक्टरला सांगतही नाहीत. ती सिलोस्टाझोलचं प्रमाण रक्तात वाढवते आणि क्लोपिडोग्रेलचा असर कमी करते. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा.

सीटी अँजिओ (डाय टोचून काढलेला धमन्यांचा सीटी स्कॅन) आत्ताच करायची घाई नको. ती करायची ती फुगा किंवा बायपास करायचं ठरत असेल तर. त्यातला डाय किडनीला जड असतो, शुगरवाल्याचं क्रिएटिनिन आधी बघावं लागतं.

फिजिओ_कोलशेत

डॉक्टर, यात एक ॲड करते, अचानकवालं. पाय एकदम पांढरा पडला, गार, बधिर, बोटं हलत नाहीत आणि मरणाचं दुखतंय, असं तासाभरात झालं तर ते चालण्याचं दुखणं नाही, गुठळी अडकलीय. साधारण सहा तासांत रक्त सुरू व्हायला लागतं. तेव्हा सकाळपर्यंत वाट बघू, मालिश करू असं नाही, १०८ ला फोन करा आणि जिथे व्हॅस्क्युलर सर्जन किंवा चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) आहे तिथेच थेट जा. असं हॉस्पिटल कुठलं ते आजच शोधून फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

घोडबंदर_त्रस्त

आणि घोडबंदरला राहत असाल तर निघायची वेळ पण बघून ठेवा. जोक नाही करत.

पाचपाखाडीकर

अपडेट देतो. दुसऱ्या, म्हणजे चाला म्हणणाऱ्या सर्जनकडे परत गेलो, प्रश्न लिहून नेले होते इथलेच. अंगठ्याचं प्रेशर केलं, कमी आहे पण घाबरण्याइतकं नाही म्हणाले. ईसीजी आणि टूडी इको केला, हृदयाचं पंपिंग चांगलं आहे. स्टॅटिन वाढवली, क्लोपिडोग्रेल सुरू, सिलोस्टाझोल इको बघूनच सुरू केली. ॲसिडिटीची गोळी विचारल्यावर बाबा गप्प, मग आईने पर्समधून पाकीट काढलं. ओमेप्राझोलच! ती बदलून दिली. तीन महिन्यांनी पुन्हा एबीआय, आणि तोपर्यंत किती चालल्यावर दुखतं ते वहीत लिहायचं. स्टेंटचा विषय तेव्हा.

आता दोन अडचणी. एक, पावसाळा, तलावपाळीचा फुटपाथ घसरडा, बाबा पडले तर दुसरंच लचांड. दोन, दर सोमवारी कौपिनेश्वरला जातात ते अनवाणी, सोसायटीच्या गेटपासूनच चपला काढतात, नवस आहे कसला तरी आजीच्या वेळचा.

नेरूळचे_आजोबा

पावसात मी सीवूड्सच्या मॉलमध्ये जातो, उघडल्या उघडल्या, गर्दी व्हायच्या आत. सपाट फरशी, एसी, बसायला जागा. सिक्युरिटीवाला ओळखतो आता, आजोबा आज किती राऊंड विचारतो. सोसायटीत पोडियम असेल तर तोही उत्तम.

डॉपलरवाली_वाशी

अनवाणीचं मी कडक बोलणार. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर पोळून तळपायाला फोड आलेले शुगरवाले दरवर्षी येतात आमच्याकडे, आणि त्यांना चालताना काही कळलेलंच नसतं. गेटपासून अनवाणी नको, देवळाच्या पायरीपर्यंत चप्पल आणि आत जाडसर सुती मोजे, पुजारी नाही म्हणत नाहीत, मी विचारलंय. घरातपण मऊ रबराच्या (एमसीआर) चपला, पुढे बंद असतील तर अजून चांगलं. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा, चुरगळलेलं पाकीट काहीही निघतं.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्या यांच्यासाठी क्षुल्लक नाहीत. ओले मोजे काढायचे, बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, कातडी मऊ ठेवायचं मलम लावायचं ते बेचकीत नको, टाचेला. रोज रात्री पाऊल उजेडात बघायचं, वाकता येत नसेल तर खाली आरसा. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. कुरूप झालं तर मेडिकलमधल्या त्या कुरुपाच्या पट्ट्या लावू नका, त्यात ॲसिड असतं, चांगली कातडीही जाळते. आणि ब्लेडने घरी तासणं तर... मी काय काय बघितलंय ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील.

मार्केट_यार्ड

नवसाचं बाबांनीच देवाला सांगावं, सिगरेट सोडली हा बदली नवस. चालेल देवाला.

पाचपाखाडीकर

हे चालेल म्हणाले! आई तर म्हणते आजीलाही हेच आवडलं असतं. मोजे पण आणलेत.

घणसोलीची_मावशी

डॉपलरवाली ताई, मग माझ्या पायाचं पण एकदा तुमच्याकडे करून घेऊ का? कुठे बसता तुम्ही? उपाशी यायचं का?

डॉपलरवाली_वाशी

मावशी इथे लॅबचं नाव लिहीत नाही, जाहिरात नको. उपाशी नाही लागत. पण चिठ्ठीवर नुसतं "डॉपलर" लिहून आणू नका, तुमची शिरांची वेगळी तपासणी असते, ती उभं करून बघतात, आणि यांच्या बाबांची धमन्यांची वेगळी, आडवं झोपवून. दोन्ही पाय, शिरांचं, असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. शुगर आहे का तुम्हाला? असेल तर ते घट्ट मोजे चालू ठेवण्याआधी एबीआय पण लिहायला सांगा त्याच चिठ्ठीवर.

घणसोलीची_मावशी

आहे ना शुगर. उद्याच जाते.